शिव शिव! लाल वायर चॅसिसला?

आपल्यात म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. इकडे सोलिहलला, बर्मिंगहॅमच्या जरा बाहेर, चांगल्या घरचे, पेन्शनीत निघालेले, नातवंडं असलेले पुरुष रात्रीची जेवणं उरकली की मागच्या अंगणातल्या शेडमध्ये शिरतात, दार आतून लावून घेतात आणि तोंडात टॉर्च धरून तारा चाचपत बसतात. कशासाठी? तर १९६८च्या मोटरसायकलचा मागचा दिवा लागत नाही म्हणून. बरं, लागला की यावं ना घरात? छे! लागला की जास्तच घोर. आपण काही केलं नाही आणि हा लागलाच कसा, म्हणून पुन्हा सगळं उघडायचं.

आमच्या शेजारचे मास्तर त्यातलेच. सारा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, घराचं कर्ज फिटलेलं, बायको सोशिक. त्यांच्याकडे एक ट्रायम्फ बॉनव्हिल आहे आणि आमचे हे त्यांना टॉर्च धरायला जातात. मी स्वतः सांगलीला इलेक्ट्रिकल शिकले, पण मला कोण विचारतंय? मी आपली चहाचा ट्रे घेऊन जाते, दोन मिनिटं दारात रेंगाळते, आणि तेवढ्यात जे कानावर पडतं ना, ते ऐकून माणसानं कानांवर हात ठेवावेत.

पहिलंच ऐका. त्या गाडीची लाल वायर चॅसिसला आहे.

हो हो, लाल! आपल्याकडे गल्लीतल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं, की काळी गाडीच्या अंगाला आणि लाल जपून. इथे उलटं. मला वाटलं, वयाचा परिणाम, मास्तरांचा गोंधळ झाला. तर नाही, गाडी कारखान्यातूनच तशी आलेली. १९५०च्या आगेमागे सुरुवात झाली आणि पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रायम्फ काय, बीएसए काय, नॉर्टन काय, सगळ्यांच्या घरी हाच प्रकार. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला बांधलेलं आणि निगेटिव्ह मात्र दिव्यांकडे, हॉर्नकडे, इग्निशनकडे फिरणारं. म्हणजे हार्नेसमध्ये लाल वायर दिसली की ती अर्थची समजायची. आणि गंमत म्हणजे युद्धाआधी याच गाड्या बऱ्याचशा निगेटिव्ह अर्थच्या होत्या. सुरळीत चाललेलं मुद्दाम उलटं केलं यांनी!

का, म्हणून विचारलंत तर दोन कारणं देतात, आणि तीही एवढ्या गंभीर चेहऱ्यानं की हसायची चोरी. एक म्हणे, तांब्याच्या तारा निगेटिव्ह बाजूला ठेवल्या की ओलीत गंजत नाहीत. झीज व्हायची ती सांगाड्याच्या जाड लोखंडाची होते, आणि ते काय, सोसतं. दुसरं, स्पार्क प्लगचा मधला दांडा कायम तापलेला असतो. तो निगेटिव्ह असला की ठिणगी कमी व्होल्टला उडते. दुसरं कारण शास्त्राला धरून आहे, मी अमान्य करत नाही. पण त्यासाठी कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या तरी काम होतं, अख्खी गाडी उलटी करायची काय गरज? मी हे एकदा ट्रे ठेवता ठेवता बोलले. शेडमध्ये अशी शांतता पसरली, की मी बिस्किटांचा डबा घेऊन परत आले.

मोटारींनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हा हट्ट सोडला. मोटरसायकलींनी नाही. नॉर्टन कमांडो तर १९७७मध्ये बंद होईपर्यंत पॉझिटिव्ह अर्थच राहिली. ट्रायम्फनं अगदी दशक संपता संपता बाजू बदलली. त्यामुळे आता या मंडळींत सरळ दोन तट. एक सोवळ्यातले: गाडी जशी जन्मली तशीच राहणार, लाल सांगाड्याला म्हणजे सांगाड्याला. दुसरे बाटलेले: गुपचूप बॅटरी फिरवून निगेटिव्ह अर्थ करून घेतलेले. आणि सोवळ्यातल्यांना बाटलेल्याच्या हातचा पानाही चालत नाही, कारण उद्या त्यानं मदत म्हणून एखादी वायर लावून दिली तर ती कोणत्या बाजूची, काय भरवसा?

बाटण्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. मोबाईल! रस्ता दाखवायला फोन लागतो, फोनला चार्जिंग लागतं, आणि बाजारात मिळणाऱ्या सॉकेटचं बाहेरचं धातूचं अंग असतं निगेटिव्ह. ते तुम्ही पॉझिटिव्ह हँडलबारवर पत्र्याच्या क्लिपनं आवळलंत की बॅटरीची दोन्ही टोकं समोरासमोर. मास्तरांच्या एका मित्रानं नेमकं हेच केलं. धूर निघाला, फ्यूज गेला, आणि सद्‌गृहस्थ वेल्सच्या एका डोंगरात नकाशाशिवाय उभे. पुढच्या आठवड्यात त्यांनी बॅटरी फिरवली. आता ते क्लबच्या चहाला येतात, पण गाडीची सीट कोणासमोर उघडत नाहीत.

आणि बॅटरी फिरवली की झालं, असंही नाही. अँपमीटरच्या वायरी बदला, नाहीतर चार्जिंग होत असताना काटा डिस्चार्ज दाखवणार आणि मालकाला रक्तदाब होणार. कॉइलच्या बदला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर त्याच्या वाटेला पुस्तक वाचल्याशिवाय जाऊ नका. जुन्या डायनॅमोच्या गाडीत तर त्याहून मजा. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्याच्या जोरावर तो वीज करायला सुरुवात करतो. आणि कोणत्या बाजूची करायची हे त्याला शिकवावं लागतं. त्याच्या फील्डच्या टर्मिनलला बॅटरीची जिवंत वायर क्षणभर टेकवायची, चर्र झालं, ठिणगी उडाली, की झालं मतांतर. एका स्पर्शात जन्माची निष्ठा बदलणारा असा प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

आता मूळ आरोपीकडे येऊ. लुकास! या मंडळींत नाव घेतलं की आधी हशा, मग उसासा. बर्मिंगहॅमच्या ग्रेट किंग स्ट्रीटवरची ही कंपनी. ब्रिटिश गाड्यांतला डायनॅमो, मॅग्नेटो, कॉइल, रेक्टिफायर, स्विच, दिवा, जे म्हणाल ते बहुतेक यांचंच. कंपनीच्या संस्थापकाला, जोसेफ लुकासला, गाडीवाल्यांनी पदवी दिली आहे: अंधाराचा राजकुमार. विनोद तर इतके आहेत की लग्नाच्या पंगतीला पुरतील. इंग्रज बिअर कोमट का पितात? त्यांचे फ्रिज लुकासचे असतात म्हणून. लुकासच्या स्विचला तीन जागा कोणत्या? मंद, लुकलुक आणि बंद. आणि माझा सगळ्यात आवडता: वीज वगैरे सगळं थोतांड आहे, तारांतून धूर वाहत असतो, म्हणून तर धूर बाहेर पडला की यंत्र बंद पडतं.

पण मी म्हणते, मेलेल्या माणसावर किती खापर फोडायचं? हा जोसेफ लुकास १८३४चा. बर्मिंगहॅमच्या हॉकली भागात हातगाडीवर दिव्याचं तेल विकायचा. पुढे दिवे करायला लागला, सायकलचा तेलाचा दिवा काढला, त्याचं नाव ठेवलं ‘किंग ऑफ द रोड’, आणि त्यावर घर उभं केलं. १९०२मध्ये नेपल्सला वारला. १९०२! तेव्हा मोटरसायकलला विजेचा हेडलाइट कुठला? लोक कार्बाइडच्या दिव्यावर चालत होते. कंपनी मॅग्नेटोच्या धंद्यात उतरली ती १९१४मध्ये, महायुद्धानं जर्मनीहून येणारे बॉशचे मॅग्नेटो तोडले तेव्हा, थॉमसन-बेनेट नावाची कंपनी विकत घेऊन. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना उजेड विकला, तो गेल्यावर बारा वर्षांनी सुरू झालेल्या धंद्याचा अंधार त्याच्या नावावर! आमच्याकडे याला बदनामी म्हणतात.

आणि कंपनीचं तरी काय सांगावं. मोटरसायकलचे कारखाने काटकसरी. फ्यूज घालायचीसुद्धा पुष्कळ वर्षं मारामार. पुढे एक घातला, अख्ख्या गाडीला एकच, बॅटरीच्या वायरीत, ३५ अँपिअरचा. आता इथे खरी गंमत आहे, जरा जवळ या. त्या जुन्या काचेच्या ब्रिटिश फ्यूजवर लिहिलेले ३५ म्हणजे फ्यूज वितळण्याचा आकडा. सतत वाहून न्यायची त्याची ताकद त्याच्या जेमतेम निम्मी, १७च्या आसपास. आजच्या फ्यूजवर लिहितात तो सतत वाहण्याचा आकडा. मग आजकालचे शहाणे काय करतात? पुस्तकात ३५ वाचतात, दुकानातून आजचा ३५चा आणतात आणि निर्धास्त होतात. वायरीनं पेट घेतला तरी फ्यूज आपला शाबूत! आणि मग दोष कोणाला? लुकासला.

मला विचाराल तर (विचारत कोणी नाही, तरी) शंभरातली बहुतेक भांडणं अर्थिंगची असतात. या गाड्यांत वीज दिव्यापर्यंत वायरीतून जाते आणि परत येते ती सांगाड्यातून. म्हणजे निम्मा रस्ता लोखंडाचा. हेडलाइटचं बघा. दिव्याचा करंट परत कुठून येणार? दिव्याच्या वाटीतून ब्रॅकेटमध्ये, तिथून पुढच्या फोर्कमध्ये, आणि फोर्कमधून सांगाड्यात यायचं तर मध्ये हँडलचे बेअरिंग. ग्रीसमध्ये बुडालेल्या लोखंडी गोळ्या! हँडल डावीकडे वळवलं की दिवा लागतो, उजवीकडे वळवलं की जातो, आणि मालक शपथेवर सांगतो की लुकासचा बल्ब वाईट.

त्यात हे जीर्णोद्धारवाले. गाडी पूर्ण सोडवतात, सांगाड्यावर पावडर कोटिंग करून आणतात, असा तुकतुकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पावडर कोटिंग म्हणजे काय? प्लास्टिकचा जाड थर. आणि प्लास्टिक वीज वाहतं का? मी तिसरीच्या पोराला विचारीन. प्रत्येक बोल्टाखाली रंग, प्रत्येक ब्रॅकेटखाली रंग, म्हणजे परतीच्या रस्त्यावर जागोजागी नाकाबंदी. मास्तरांची बॉनव्हिल अशीच रंगवून आली तेव्हा गल्लीतली सगळी बघायला जमली होती. किक मारली, गाडी सुरू, टाळ्या. दिवा लावला, काहीच नाही. हॉर्न दाबला, काहीच नाही. ब्रेक दाबला तर हॉर्न हळूच कण्हला. इतकी देखणी गाडी आणि अंगात जीव नाही! शेवटी मास्तरांनी कानशीस घेतली आणि डोळे मिटून नव्या रंगावर चालवली. मास्तरीणबाई आत निघून गेल्या, त्यांना बघवेना.

सहा व्होल्टच्या गाडीत तर हा प्रकार आणखी बोचतो, आणि इथे मला माझी पदवी बाहेर काढू द्या. ३० वॅटचा बल्ब सहा व्होल्टला पाच अँपिअर खातो. वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडावर ओहमचा पाचवा हिस्सा विरोध असला तरी एक व्होल्ट तिथेच गडप. सहातला एक! आणि बल्बचं असं असतं, की व्होल्ट सहावा हिस्सा पडला तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. तोच बल्ब बारा व्होल्टचा असता तर त्याच जोडावर अर्धाच व्होल्ट गेला असता, बारातला अर्धा, कळलंसुद्धा नसतं. म्हणजे खोट तीच, पण गरिबाच्या घरी ती चौपट बोलते. उपाय? दिवा लावलेला असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरं दिव्याच्या वाटीला लावा. काटा दोन दशांशाच्या वर गेला तर एक स्वतंत्र अर्थची वायर दिव्यापासून थेट बॅटरीपर्यंत ओढा आणि झोपा. दोन पौंडांची वायर. पण नाही! ती वायर ‘मूळची नाही’ ना!

कमांडोच्या मालकांची कथा तर वेगळीच खमंग. नॉर्टननं ही गाडी १९६७मध्ये आणली आणि इंजिनाचा थरथराट मालकाच्या दातांपर्यंत पोचू नये म्हणून अख्खं इंजिन रबरावर टांगलं. आयसोलॅस्टिक म्हणतात त्याला. कल्पना उत्तम, गाडी गाजली. पण रबर! इंजिन सांगाड्यापासून सुटं, म्हणजे विजेनंही सुटं. ठिणगीला तर परत यायला इंजिनातूनच वाट हवी. त्यासाठी अर्थची एक वायर असते, आणि ती जोडायला कोणी विसरलं तर वीज काही हात जोडून बसत नाही. ती आपली वाट शोधते, क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. तुम्ही मजेत गाडी चालवताय आणि तुमच्या मुठीतली केबल म्हणजे विजेचा राजमार्ग झालाय! १९७५मध्ये त्याच कमांडोला बटण स्टार्ट आला, प्रेस्टोलाइट कंपनीची अमेरिकन मोटर बसवून. तोवर होंडाची १९६९ची सीबी ७५० बटणावर सुरू होऊन, दिवे लावून, तेल न गाळता जग फिरून आली होती. कमांडोचा स्टार्टर मात्र असा अशक्त, की लोक म्हणतात, तो स्टार्टर नव्हे, मदतनीस. बटण दाबायचं आणि किकही मारायची. आणि स्टार्टर म्हणजे शेकड्यानं अँपिअर. तेव्हा अर्थची वायर नसली तर ती बिचारी क्लच केबल कशी तापत असेल, तुम्हीच विचार करा.

चार्जिंगचं तर बोलायलाच नको, पण बोलते. जुन्या गाड्यांत लुकासचा ई३एल डायनॅमो, ६० वॅटचा. साठ! घरातल्या एका जुन्या बल्बएवढी वीज, त्यात हेडलाइट, टेललाइट, हॉर्न आणि बॅटरी, सगळ्यांचा संसार. बरं, त्यातल्या मॅग्नेटोच्या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, हे एक बरं. दिवे गेले तरी गाडी घरी येते. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंटनं लुकास टाळून मिलरचा डायनॅमो घेतला होता, आणि व्हिन्सेंटवाले आजही एकमेकांना विचारतात, तुझा मिलर अजून आहे की लुकास बसवलास? म्हणजे ज्याला सगळं जग नावं ठेवतं, त्याच्याकडे बढती म्हणून जाणारेही आहेत.

१९५३मध्ये ट्रायम्फनं स्पीड ट्विनला अल्टरनेटर दिला. क्रँकच्या टोकाला फिरणारं चुंबक, भोवती गुंडाळ्या, ना ब्रश ना कम्युटेटर, फार सुटसुटीत. पण त्यात एक मेख. चुंबक कायमचं, म्हणजे त्याला ‘आता पुरे’ सांगायची सोय नाही. इंजिन पळेल तितकी वीज तो करणारच. मग सहा व्होल्टच्या काळात यांनी काय केलं, तर दिव्याच्या स्विचमधूनच गुंडाळ्या कमीजास्त जोडायची व्यवस्था. दिवे बंद असले की काही गुंडाळ्या शॉर्ट करून ठेवायच्या. म्हणजे स्विच गंजला की चार्जिंगही गेलं.

मग साठच्या दशकाच्या मध्यावर बारा व्होल्ट आले. (सुरुवातीला बारा म्हणजे काय, तर सहाच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडलेल्या, आव मात्र मोठा.) आणि बाराबरोबर आला झेनर डायोड. हा काय करतो माहीत आहे? व्होल्टेज चौदा-पंधराच्या घरात गेलं की दार उघडतो आणि जादा वीज अर्थला सोडून देतो. तिची उष्णता होते, ती वाऱ्यावर जाते. बस! तयार करायची आणि फेकायची. काटकसरी कारखान्यांची ही उधळपट्टी बघून मी थक्क झाले. त्या डायोडला थंड ठेवायला अ‍ॅल्युमिनियमचा पंखे-पंखे असलेला मोठा ठोकळा, ट्रायम्फनं तो हेडलाइटच्या खाली, ऐन वाऱ्यात बसवला. आणि तोही जोडायचा हलक्या हातानं, कारण त्याचा खिळा तांब्याचा; जरा जोर लावला की कट्‌. रेक्टिफायरचंही तेच: सेलेनियमच्या चकत्या एका बोल्टावर ओवलेल्या, आणि ज्या नटाला हात लावायचा नाही नेमका त्यालाच सगळे पाना लावतात. चकत्या फिरल्या, आतली जोडणी गेली. मग दोष? अंधाराच्या राजकुमाराचा.

आता शेवटी ज्याच्यासाठी तुम्हाला थांबवून ठेवलं ते सांगते: फसवणूक. स्टॅफर्डच्या प्रदर्शनात, व्हिंटेज क्लबच्या मेळाव्यात गाड्यांना बक्षिसं मिळतात ती ‘मूळ रूपात’ असल्याबद्दल. लुकासच्या सुट्या भागांवर महिना आणि साल ठोकलेलं असायचं, म्हणून हे लोक कॉइल घेताना तिची जन्मतारीख बघतात. गाडी मार्चमधली तर कॉइल जूनची चालत नाही, फेब्रुवारीची हवी. ब्यूलीच्या जुन्या बाजारात, सप्टेंबरात, १९६७पासून भरतो तो, लोक गुडघ्यावर बसून गंजक्या डब्यांत तारखा वाचत असतात. आणि हेच लोक, बरं का, हेच, रेग्युलेटरच्या जुन्या काळ्या डब्यातलं पोट काढून टाकतात आणि आत नखाएवढी इलेक्ट्रॉनिक चकती बसवतात. वरचं झाकण तेच, शिक्का तोच! काळ्या रबराच्या बॅटरीची नक्कल मिळते, आतून पोकळ, त्यात आजची सीलबंद बॅटरी. झेनर जागेवर शोभेला, जोडलेला कुठेच नाही. सगळं काम सीटखाली लपवलेल्या एका पेटीकडे. डायनॅमोच्या कवचात अल्टरनेटर! दिवा जुना, आत एलईडी. परीक्षक वाकून बघतात, मान डोलावतात, आणि माझी खात्री आहे, त्यांना सगळं ठाऊक असतं, कारण त्यांच्या घरच्या गाडीतही तेच आहे.

मास्तरांना मी सरळच विचारलं, की मग चालते ना आता गाडी नीट? म्हणाले, चालते. इतकं उदास ‘चालते’ मी कधी ऐकलं नव्हतं. सहा महिने दिवा गेला नाही, फ्यूज गेला नाही, किक एकदाच. शेडमध्ये जाऊन करायचं काय? परवा मी बघितलं, त्यांनी चांगला चाललेला हार्नेस काढून ठेवला आहे आणि कापडी वेष्टणाच्या तारांचा जुना हार्नेस आणलाय. म्हणे, आवाजात फरक पडतो. वायरीनं आवाजात फरक! मी काही बोलले नाही.

एक मात्र त्यांच्या बाजूनं सांगते. इथे जवळच बिकनहिलला मोटरसायकलींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. २००३च्या सप्टेंबरात तिथे आग लागली, शेकडो जुन्या गाड्या भाजल्या. साहजिकच सगळ्यांनी मनात एकच नाव घेतलं. पण बोट दाखवलं गेलं ते कुणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाकडे. लुकास निर्दोष!

आणि ताजी बातमी ऐका, यात आपली माणसं गुंतलेली आहेत. रॉयल एनफिल्ड तर कधीचीच आपली झाली, १९५५पासून मद्रासला बुलेट व्हायला लागली. बीएसएचं नाव २०१६मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सनं घेतलं. नॉर्टन २०२०मध्ये टीव्हीएसनं, १ कोटी ६० लाख पौंडांना, आणि कारखाना कुठे थाटला? इथेच, आमच्या सोलिहलला! लुकासशी तर टीव्हीएसची सोयरीक १९६१चीच, मद्रासजवळच्या पाडीची. आणि ट्रायम्फ? मेरिडेनला जिथे कारखाना होता तिथे घरं झाली, गल्लीला बॉनव्हिल क्लोज नाव दिलं, आणि ट्रायम्फची लहान चारशेची गाडी २०२३पासून होते चाकणला, बजाजच्या कारखान्यात. पुण्याची माणसं बनवतात आणि बर्मिंगहॅमची विकत घेतात. आमच्या ह्यांची छाती तेव्हापासून दोन इंच पुढे आहे.

तर मास्तरांनीही घेतली एक चाकणची. रोजच्या कामाला, म्हणाले, बाजारहाटाला. बटण दाबलं की सुरू, दिवा कायम लागलेला, सगळं एलईडी, निगेटिव्ह अर्थ, लाल वायर जिथे असायला हवी तिथे. क्लबच्या दिवशी ती ते कोपऱ्यावरच्या चर्चमागे लावतात आणि उरलेलं अंतर चालत जातात, हातात हेल्मेट लपवून. मास्तरीणबाईंनीच सांगितलं मला. आणि आता म्हणे त्या गाडीवर त्यांनी एक जुना लुकासचा अँपमीटर बसवून घेतला आहे, मूळ खोक्यातला. काटा शून्याशी शांत बसलेला असतो. शांत का बसतो, हे शोधायला ते आणि आमचे हे काल रात्री साडेदहाला शेडमध्ये गेले आहेत, आणि चार्जिंगमध्ये नक्की काहीतरी गडबड आहे असं दोघांचं मत पडलं आहे.